जुन्या मोटरहोमचा डॅशबोर्ड ए.सी. : बिघाड नेमका कुठे शोधावा?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची सोय, न्हाणीघर आणि पुढे चालकाची जागा, हे सारे एकाच सांगाड्यावर. अमेरिकेत या वाहनांचे प्रस्थ मोठे आहे आणि वीस-पंचवीस वर्षे जुनी वाहने तुलनेने कमी किमतीत हाती येतात. वर्षातील बराच काळ ती उभीच असल्याने इंजिन फारसे झिजलेले नसते. मात्र रबर, प्लास्टिक आणि विजेच्या जोडण्या उभ्या उभ्याच म्हाताऱ्या होतात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही उन्हाळ्याच्या सुट्टीत, भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन अशा वाहनाने ग्रँड कॅन्यन वा यलोस्टोनच्या वाटेला लागतात. ही वाट बहुधा नेव्हाडा, ॲरिझोना, युटा या वाळवंटी राज्यांतून जाते. याच पट्ट्यातील कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदवले गेले होते आणि जगातील सर्वोच्च तापमान म्हणून तीच नोंद अधिकृत मानली जाते. अशा प्रदेशात भर दुपारी डॅशबोर्डमधून गरम वारा येऊ लागला, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. सहा-सात टनांचे वाहन हाकणाऱ्या चालकाची सावधता आणि शेजारी बसलेल्या वृद्धाची प्रकृती, दोन्ही पणाला लागतात.

मोटरहोममध्ये थंडाव्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. छतावरचा ए.सी. घराच्या भागासाठी असतो. तो १२० व्होल्टच्या विजेवर, म्हणजे मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या जोडणीवर किंवा वाहनातील जनरेटरवर चालतो. डॅशबोर्डचा ए.सी. मात्र मोटारीच्या ए.सी.सारखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि त्याचे काम पुढच्या दोन आसनांपुरतेच असते. त्यामुळे 'मागपर्यंत गार होत नाही' ही तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसून अपेक्षेची असते. समोरची काच भिंतीएवढी रुंद, मागे दहा मीटर लांबीची खोली. एवढा उष्मा मोटारीच्या मापाच्या यंत्राने हटावा कसा? आसनांमागे जाड पडदा ओढून घेतल्याने अनेकदा जो फरक पडतो, तो शंभर डॉलरच्या वायूनेही पडत नाही.

दुरुस्तीतील खरी गुंतागुंत या वाहनांच्या जन्मकथेत आहे. फोर्डची एफ-५३ किंवा शेव्हर्लेची पी-३० अशी उघडी चासी मोटार कंपनी बनवते. तिच्यावर घर बांधतो दुसराच कारखानदार. चासीसोबत इंजिन आणि कॉम्प्रेसर येतो, पण डॅशबोर्डखालची पेटी, तिची बटणे आणि नळ्या घर बांधणाऱ्याने तिसऱ्याच पुरवठादाराकडून घेतलेल्या असतात. परिणामी फोर्डच्या दुकानात विचारले तर ते घर बांधणाऱ्याकडे बोट दाखवतात, तिकडे विचारावे तर ते फोर्डकडे. संपूर्ण आराखडा कोणाहीपाशी नसतो. याला अपवाद व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेल्या, 'सी' वर्गाच्या मोटरहोमचा. फोर्ड ई-३५० व्हॅनवर बांधलेल्या वाहनात डॅशबोर्डसह सगळी यंत्रणा मूळ व्हॅनचीच असते आणि सुटे भागही सहज मिळतात. जुने वाहन विकत घेताना हा भेद किमतीइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

वारा आणि गारवा : तक्रारी दोन

'ए.सी. चालत नाही' या एका वाक्यात दोन भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. वारा पुरेसा किंवा योग्य जागी येत नाही, ही एक. वारा येतो पण गार नसतो, ही दुसरी. पहिल्या तक्रारीसाठी वायूच्या नळ्यांना हात लावण्याचे काहीच कारण नाही, तरीही बहुतेक मालक तेथूनच सुरुवात करतात.

पंखा फक्त सर्वांत वेगवान टप्प्यावर चालत असेल आणि बाकीच्या टप्प्यांवर गप्प असेल, तर पंख्याचा रोधक जळालेला असतो. तो स्वस्त भाग आहे आणि बहुधा हवेच्या पेटीवरच दोन स्क्रूंनी बसवलेला सापडतो. पंखा मुळीच फिरत नसेल तर फ्यूज, मग चासीला जोडलेली अर्थिंगची तार आणि शेवटी मोटर, असा क्रम ठेवावा. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या वाहनात पंख्याच्या पेटीत उंदरांनी केलेले घरटे निघणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. पायाशी पाणी साचत असेल तर इव्हॅपोरेटरच्या पेटीखालची निचऱ्याची नळी पानांनी व धुळीने तुंबलेली असते.

त्याहून मजेशीर, आणि जुन्या मोटरहोमचे खास म्हणावे असे लक्षण म्हणजे चढावर वारा जागा बदलतो. सपाट रस्त्यावर समोरच्या झरोक्यांतून येणारा गार वारा घाट लागताच तेथे बंद होतो आणि काचेच्या बुडाशी जाऊ लागतो. उतार आला की पुन्हा पूर्ववत. याचे कारण वायूत नसून व्हॅक्यूममध्ये असते. पेटीतील झडपा हलवण्यासाठी जुन्या पेट्रोल वाहनांत इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम वापरला जातो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तो व्हॅक्यूम घटतो. व्हॅक्यूम नसताना झडप आपोआप काचेकडे वळावी, अशीच तिची रचना केलेली असते, कारण बिघाडातही समोरची काच स्वच्छ राहिली पाहिजे. चढाच्या काळापुरता व्हॅक्यूम साठवून ठेवण्यासाठी प्लास्टिकचा एक गोळा किंवा डबा आणि एकदिशा झडप दिलेली असते. डबा तडकला, झडप निकामी झाली किंवा इंजिनाच्या उष्णतेने बारीक नळी कडक होऊन फुटली की हे नाटक सुरू होते. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन प्रत्येक तुकडा वेगळा तपासला की गळती सापडते, आणि उपाय पुष्कळदा दोन-चार डॉलरच्या रबरी नळीचा असतो. डिझेल इंजिनात असा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळत नाही. तेथे वेगळा पंप लागतो, म्हणून प्रथम तो चालतो की नाही ते पाहावे.

गारवा तयार होऊनही वाया जाण्याच्या जागा निराळ्या. हीटरमध्ये जाणारे इंजिनाचे गरम पाणी अडवणारा कॉक उघडाच अडकून राहिला, तर इव्हॅपोरेटरने थंड केलेली हवा पुढच्याच क्षणी हीटरवरून जाऊन तापते. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. बटण 'थंड' दाखवत असताना दोन्ही कढत लागत असतील तर दोष येथे आहे. नळीवर तात्पुरता चिमटा लावून वारा गार होतो का, हे पाहिले की शंका फिटते. दुसरी जागा म्हणजे पुढच्या इंजिनाच्या वाहनात दोन आसनांच्या मधोमध असलेले इंजिनाचे झाकण. त्याच्या कडेचे रबर आणि आतील उष्णतारोधक थर विरून गेला की इंजिनाची धग थेट पायांवर येते. स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल ज्या भोकांतून खाली जातात, तेथील बूचही एव्हाना गळून पडलेले असतात. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवणारी झडप नीट मिटत नसेल, तर यंत्र रस्त्यावरची तापलेली हवा गार करण्यातच दमते. असल्या वाहनाला कॉम्प्रेसर बदलून देणारा कारागीर मालकाचे पैसे वाया घालवतो.

कॉम्प्रेसरचा क्लच

वारा भरपूर, झडपा ठीक, तरीही गारवा नसेल तर कॉम्प्रेसरकडे वळावे. त्याची पुली पट्ट्याबरोबर सदैव फिरत असते. तिच्या पुढची चकती मात्र ए.सी. सुरू असेल तेव्हाच विद्युतचुंबकाने ओढली जाऊन फिरते. सुरक्षित अंतरावरून, सैल कपडे आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवून, ती चकती फिरते की नाही एवढेच पाहायचे असते. फिरत नसेल तर क्लचच्या तारेवर १२ व्होल्ट पोहोचतात का, ते मापावे.

व्होल्ट पोहोचत नसतील तर फ्यूज, रिले, थर्मोस्टॅट आणि दाबाचे दोन स्विच यांच्यापैकी कोणीतरी वाट अडवलेली असते. कमी दाबाच्या स्विचने अडवले असेल तर बहुधा वायू गळून गेला आहे असे समजावे. हा स्विच शत्रू नव्हे. कॉम्प्रेसरला लागणारे तेल वायूबरोबरच फिरते; वायू नसेल तर तेलही पोहोचत नाही. म्हणूनच त्या स्विचला तारेने वळसा घालून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणे ही चाचणी काही सेकंदांची असू शकते, प्रवासाचा उपाय कदापि नव्हे.

व्होल्ट पोहोचूनही चकती ओढली जात नसेल तर चकती व पुली यांतील फट पाहावी. नव्या कॉम्प्रेसरमध्ये ती साधारण अर्धा मिलिमीटर असते. वर्षानुवर्षांच्या झिजेने वाढत जाते. त्यातच गुंडाळी तापली की तिचा रोध वाढतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. मग सकाळी उत्तम चालणारा ए.सी. तास-दीड तासाच्या प्रवासानंतर अचानक गरम वारा देतो आणि संध्याकाळी गार झालेल्या इंजिनावर पुन्हा चालू होतो. या लक्षणाला फसून वायू भरला जातो, कॉम्प्रेसर बदलला जातो. वास्तविक चकतीमागील एक पातळ वॉशर काढून फट कमी केली की पुष्कळदा काम भागते. चकतीचा पृष्ठभाग जळून निळसर पडलेला असेल तर मात्र क्लचच बदलावा लागतो.

दाबाची भाषा

आपल्याकडे जुन्या मोटारीचा ए.सी. रुसला की 'गॅस संपला असेल, भरून घ्या' असा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. अमेरिकेतही निराळे घडत नाही. हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ कोठून तरी तो गळला.

यंत्र बंद असतानाच्या दाबावरून वायू किती आहे ते समजत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास सारखाच राहतो आणि सिलिंडर भरला आहे की संपत आला आहे हे वजनानेच कळते, तसेच हे. २७ अंश सेल्सिअसला आर-१३४ए या वायूचा स्थिर दाब सुमारे ८७ पौंड प्रति चौरस इंच भरतो. त्याच्या बराच खाली काटा असेल तर यंत्रात द्रव उरलेलाच नाही, एवढे निश्चित म्हणता येते. म्हणून वायू नेहमी चासीवरील वा हवेच्या पेटीवरील पट्टीत लिहिलेल्या वजनानुसार भरावा. लांब नळ्यांच्या मोटरहोममध्ये हे वजन लहान मोटारीपेक्षा बरेच जास्त असू शकते.

चालू यंत्रातील दाब मात्र बोलका असतो. दारे उघडी, पंखा पूर्ण वेगात, इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर आणि बाहेर ३२ अंश, अशा स्थितीत आर-१३४एच्या निरोगी यंत्रात कमी दाबाची बाजू २५ ते ४५ आणि जास्त दाबाची २०० ते २५० पौंडांच्या आसपास दिसते. दोन्ही काटे खाली आणि क्लच दर काही सेकंदांनी टकटक करीत लागत-सुटत असेल, तर वायू कमी आहे. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसर झिजलेला आहे. कमी बाजू शून्याच्याही खाली जात असेल तर मधल्या अरुंद वाटेत, म्हणजे ऑरिफिस नळीत वा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो आणि त्या जागी बाहेरून दहिवर जमलेले दिसते.

दोन्ही काटे चढलेले असतील तर कंडेन्सरपासून उष्णता निघून जात नाही, किंवा वायू अति भरला आहे, किंवा आत हवा शिरली आहे. मोटरहोमच्या बाबतीत पहिली शक्यता दाट असते. रेडिएटर, ऑइल कूलर आणि कंडेन्सर एकापुढे एक लावलेले; त्यांच्या मध्ये वर्षांची धूळ, किडे, गवताच्या काड्या. इंजिन मागे असलेल्या डिझेल वाहनात इंजिनाच्या श्वासनळीतून निघणारे तेलाचे तुषार मागच्या रेडिएटरवर बसतात आणि त्यावर रस्त्याची धूळ थापली जाते. सिग्नलला वा हळू वाहतुकीत गरम, महामार्गावर गार, असे वर्तन असेल तर हवेचा प्रवाह व पंख्याचा क्लच तपासावा. याउलट महामार्गावर तासाभराने वाऱ्याचा जोरच मंदावत असेल आणि पंधरा-वीस मिनिटे ए.सी. बंद ठेवल्यावर पुन्हा सुरळीत होत असेल, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ जमतो आहे. त्याला थर्मोस्टॅट किंवा कमी दाबाचा स्विच जबाबदार असतो.

गळती शोधताना तेलकट डाग हीच पहिली खूण. वायूबरोबर तेलही झिरपते आणि त्यावर धूळ चिकटते. चासीला घासणाऱ्या नळ्या, जोडांतील रबरी कड्या, भरणीच्या तोंडातील बारीक व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील या नेहमीच्या जागा. अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग यंत्रात सोडून काही दिवसांनी पाहणे हा स्वस्त व खात्रीचा मार्ग. गळती बुजवणारी रसायने मात्र टाळावीत. ती कार्यशाळेच्या वायू काढून घेणाऱ्या यंत्रात घट्ट होऊन बसतात. त्यामुळे असे रसायन आढळले की चांगली कार्यशाळा काम करण्यासच नकार देते.

जुना वायू, नवा वायू

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या वाहनांत आर-१२ वायू असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारान्वये त्याच्यावर बंधने आली आणि अमेरिकेतील त्याचे उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबले. वाहन कोणत्या वायूचे, हे भरणीच्या तोंडावरून ओळखता येते : आर-१२चे तोंड आट्यांचे असते, आर-१३४एचे खटक्याने बसणारे.

जुन्या यंत्रात नुसता नवा वायू सोडणे म्हणजे रूपांतर नव्हे. आर-१२बरोबरचे खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरपर्यंत परतत नाही आणि काही आठवड्यांत कॉम्प्रेसर घासला जातो. जुने तेल शक्य तितके काढून एस्टर तेल घालणे, रबरी कड्या व ड्रायर किंवा ॲक्युम्युलेटर बदलणे, आणि नवा वायू जुन्याच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के भरणे, ही किमान कामे. जुना नळी-पत्र्यांचा कंडेन्सर नव्या वायूला थोडा अपुरा पडतो. तो बदलला तर फरक जाणवतो. यंत्र एकदा उघडले की किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून आतील ओल बाष्परूपाने काढावी लागते आणि तो व्हॅक्यूम टिकतो का, हे पाहावे लागते. ऑरिफिस नळीच्या जाळीवर काळा चिखल वा धातूचा चुरा निघाला, तर कॉम्प्रेसर आतून मोडला आहे. तो चुरा कंडेन्सरमध्येही शिरलेला असतो, आणि केवळ कॉम्प्रेसर बदलल्यास नवाही त्याच वाटेने जातो.

येथे एका धोक्याचा स्पष्ट उल्लेख आवश्यक आहे. आर-१२ला पर्याय म्हणून प्रोपेन-ब्युटेनसारख्या ज्वालाग्राही वायूंचे मिश्रण स्वस्तात विकले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारीतील आर-१२च्या जागी असे वायू वापरण्यास मनाई केलेली आहे. साध्या मोटारीतही ते धोक्याचेच. मोटरहोमच्या आत तर गॅसची शेगडी असते आणि अनेक वाहनांत ज्योतीवर चालणारा फ्रीजही. डॅशबोर्डखाली गळणारा ज्वालाग्राही वायू आणि चार पावलांवर पेटती ज्योत, हा जुगार कोणत्याही बचतीसाठी खेळण्याजोगा नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. आर-१२ जाणूनबुजून हवेत सोडण्यास १ जुलै १९९२पासून आणि आर-१३४ए सोडण्यास १५ नोव्हेंबर १९९५पासून अमेरिकेत बंदी आहे. मोबदला घेऊन काम करणाऱ्या कारागिराकडे प्रमाणपत्र लागते. आपोआप बंद होणाऱ्या झडपेचे आर-१३४एचे लहान डबे मात्र मालकाला प्रमाणपत्राविना विकत घेता येतात. असा डबा चुकूनही जास्त दाबाच्या बाजूला जोडू नये, तो फुटतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, कारण हवेच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो आणि उडालेला थेंब कातडी व डोळा गोठवतो.

दुरुस्तीचा अंदाज वाहनाच्या किमतीच्या मानाने फारच मोठा निघाला, तर अनेक मालक डॅशबोर्डचा नाद सोडून चालत्या वाहनात जनरेटरवर छतावरचा ए.सी. चालवतात. चार किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर तासाला साधारण दीड ते अडीच लिटर इंधन पितो. लांबच्या पण क्वचितच्या प्रवासासाठी हा हिशेब वावगा नाही. मात्र छतावरचा गारवा समोरच्या काचेपर्यंत क्षीण होऊनच पोहोचतो. पावसात वा दमट हवेत काचेवर धरलेले धुके झटपट हटवण्यासाठी हवेतील ओल काढणारा डॅशबोर्डचा ए.सी.च उपयोगी पडतो, हीही त्याची एक बाजू. जनरेटर चालू ठेवून कोणी मागे झोपणार असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आधी तपासून घ्यावे. त्याचेही आयुष्य ठरलेले असते आणि जुन्या वाहनात ते बहुधा कधीच संपलेले असते.

वाहन उभे असतानाही महिन्यातून एकदा दहा मिनिटे ए.सी. चालवला, तर तेल फिरून कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील ओले राहते. हिवाळ्यात कमी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर लागू देत नाही. तेव्हा त्यातल्या त्यात उबदार दुपार निवडावी.